सद्हेतूचे झुकते माप

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानसत्रात शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



आजच्या भाषणाचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा दोघातिघांनी मला विचारले, की साहित्य शिकवणाऱ्या बाईंनी आहाराच्या संशोधनावर बोलायचे म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे ती प्रबंधापुरती. कोणी काय खावे हे मी सांगणार नाही; जेवणाच्या सुट्टीत कोणी आग्रहाने विचारले तरी सांगणार नाही. माझा संबंध वाक्यांशी. प्रयोगात जे सापडते ते आधी एका वाक्यात येते. ते वाक्य दुसऱ्या निबंधात जाते, तिथून विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात, तिथून इंग्रजी वृत्तपत्रात, मग भाषांतर होऊन आपल्या रविवारच्या पुरवणीत, आणि शेवटी शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी. या प्रवासात वाक्याचे काय होते, हे पाहणे भाषेच्या माणसाचे काम आहे. त्यातही आज मला एकाच प्रकारच्या बदलाविषयी बोलायचे आहे, जो कोणाच्याही वाईट हेतूने होत नाही त्या बदलाविषयी.

वाईट हेतूने केलेल्या फेरफाराचा संशय घ्यायला आपण शिकलो आहोत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील साखर उद्योगाच्या एका संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर देऊन एक आढावा-लेख लिहवून घेतला. १९६७ साली तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयरोगाचा ठपका त्यात साखरेवरून काढून स्निग्ध पदार्थांवर ठेवला होता, आणि पैसे कोणी दिले याचा उल्लेख नव्हता. जुनी पत्रे तपासून २०१६ साली हा प्रकार उघड झाला तेव्हा जगभर त्याच्या बातम्या झाल्या. तिथे खलनायक होता, पैसा होता, लपवाछपवी होती. अशी गोष्ट आपल्याला लगेच कळते.

पण लेखकाला कोणी पैसे दिलेले नाहीत, त्याला लोकांचे भलेच व्हावे असे वाटते, मुलांनी कमी साखर खावी, बायांना कर्करोग होऊ नये, एवढीच त्याची इच्छा आहे, आणि त्या इच्छेपोटी तो निष्कर्ष थोडा गोड करून सांगतो. त्याला काय म्हणायचे? २०१० साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील मार्क कोप आणि डेव्हिड अ‍ॅलिसन या दोन संशोधकांनी यासाठी एक नाव सुचवले. इंग्रजीत ते 'व्हाइट हॅट बायस' असे आहे. जुन्या काउबॉय चित्रपटांत सज्जनाच्या डोक्यावर पांढरी हॅट आणि दुर्जनाच्या डोक्यावर काळी असे, त्यावरून ते आले. मराठीत 'पांढरी टोपी' म्हटले तर भलताच घोटाळा होईल. आपल्याकडे पांढऱ्या टोपीला गेल्या शंभर वर्षांत इतके अर्थ चिकटले आहेत, की त्यातला सज्जनपणाचा अर्थ शोधून काढावा लागेल. 'पक्षपात' हा शब्द आरोपाचा आहे, 'पूर्वग्रह' फार मनातला. मला आपला बाजारातला शब्दप्रयोग जवळचा वाटतो: झुकते माप. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार झुकते माप देतो त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. पण माप झुकले की ते माप राहत नाही, एवढे खरे.

या दोघांनी काय दाखवले ते जरा सावकाश पाहू, कारण सगळी गोम तपशिलात आहे. त्यांनी साखरयुक्त शीतपेयांवरचे दोन प्रयोग घेतले. पहिला जेम्स आणि सहकाऱ्यांचा, २००४ साली प्रसिद्ध झालेला. नैऋत्य इंग्लंडमधील क्राइस्टचर्च गावातल्या सहा प्राथमिक शाळांतली, ७ ते ११ वर्षांची ६४४ मुले. काही वर्गांना वर्षभर 'फसफसणारी पेये कमी प्या' असे शिकवले, काहींना नाही. वर्षाअखेर न शिकवलेल्या वर्गांत जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण साडेसात टक्क्यांनी वाढलेले होते, शिकवलेल्या वर्गांत ते किंचित, म्हणजे ०.२ टक्क्याने, उतरले होते. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की मुलांच्या उंची-वजनाचा जो सरासरी निर्देशांक, त्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा पहिला फरकही टिकलेला दिसला नाही. दुसरा प्रयोग एबलिंग आणि सहकाऱ्यांचा, २००६ चा. बॉस्टनच्या परिसरातली १०३ किशोरवयीन मुले. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी २५ आठवडे साखर नसलेली पेये पोचवली. एकूण गटात वजनाच्या निर्देशांकात ठोस फरक नाही; मात्र जी मुले आधीच सर्वांत जाड होती त्यांच्यात फरक पडला.

दोन्ही निष्कर्ष असे आहेत, की ते सांगताना 'पण' म्हणावे लागते. हा 'पण' पुढे किती जणांनी ठेवला, हे कोप आणि अ‍ॅलिसन यांनी मोजले. या दोन प्रयोगांचा हवाला देणारे नंतरचे शास्त्रीय लेख काढून त्यांत निष्कर्ष कसा सांगितला आहे ते एकेक करून वाचले. (हे काम साहित्याच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे, असे मला वाचताना वाटत राहिले. संहिता आणि तिचे उद्धरण यांतले अंतर मोजणे हेच आपण पाठभेदाच्या अभ्यासात करत नाही का?) पहिल्या प्रयोगाचा हवाला देणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांहून अधिक लेखांनी तो होता त्याहून अनुकूल करून सांगितला होता. दुसऱ्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. निष्कर्ष पुरा आणि अचूक सांगणारे लेख पहिल्यासाठी १३ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यासाठी ३३ टक्के. लक्षात घ्या, हे वार्ताहर नव्हेत. मूळ निबंध ज्यांच्या टेबलावर होता असे हे अभ्यासक आहेत. आणि चूक जर निष्काळजीपणाची असती तर ती दोन्ही बाजूंना सारखी झाली असती. परीक्षेत घाईने बेरीज करणारा परीक्षक कोणाला दोन गुण जास्त देतो, कोणाला दोन कमी. इथे जवळजवळ सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या होत्या, आणि ती बाजू सज्जनांची होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या दोघांपैकी अ‍ॅलिसन यांना अन्न आणि पेय उद्योगाकडून संशोधन-निधी मिळत आलेला आहे आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली आहे. शीतपेये विकणाऱ्यांना असा लेख आवडणारच. म्हणून त्यांची मोजणी खोटी ठरत नाही, कारण मूळ निबंध आणि हवाले दोन्ही छापलेले आहेत, कोणीही ताडून पाहावेत. पण हे सांगितले नसते तर मीही माप झुकवले असे झाले असते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. २०१२ साली नेदरलँड्समध्ये एक फार काटेकोर प्रयोग झाला. ४ ते ११ वर्षांची ६४१ मुले, दीड वर्ष, रोज पाव लिटर पेय. निम्म्यांच्या पेयात साखर, निम्म्यांच्या पेयात गोडी आणणारा दुसरा पदार्थ, आणि कोणाच्या हातात काय आहे हे मुलांनाही माहीत नाही. साखरेच्या गटातली मुले सरासरी ७.३७ किलोंनी वाढली, दुसऱ्या गटातली ६.३५ किलोंनी. म्हणजे साखरेची पेये वजन वाढवतात हे पुराव्याने पुढे आले. मग आधी ज्यांनी माप झुकवले ते बरोबरच होते की, असे कोणी म्हणेल. त्यांचा अंदाज बरोबर निघाला हे मान्य. पण हा प्रयोग करणाऱ्यांनी तो केला, कारण त्यांच्या मते प्रश्न सुटलेला नव्हता. सगळ्यांनीच आधीच्या लेखांवर विश्वास ठेवला असता तर आज आपल्या हाती अंदाजच राहिला असता, आणि त्याला आपण ज्ञान म्हणत बसलो असतो.

आता आपल्या घरात येऊ. भल्यासाठी वाढवून सांगणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. व्रताच्या कहाणीत फळ सांगितलेले असते, स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते. अमुक इतके दिवस पठण केले तर तमुक मिळेल. आजी ती फलश्रुती तितक्याच भक्तीने म्हणायची, पण पुत्र-पौत्र-धनधान्याचा हिशेब मांडायला बसायची नाही. पूर्वमीमांसेने तर याचे शास्त्रच केले. वेदवाक्यांत विधी कोणता, म्हणजे करा असे सांगणारे वाक्य कोणते, आणि अर्थवाद कोणता, म्हणजे त्या विधीची नुसती स्तुती करणारे किंवा निषिद्ध गोष्टीची निंदा करणारे वाक्य कोणते, हे मीमांसकांनी वेगळे काढले. अर्थवादाचे काम माणसाला प्रवृत्त करण्याचे. प्रत्यक्ष अनुभवाशी त्याचा विरोध आला तर शब्दशः अर्थ सोडून त्याला गौण अर्थाने घ्यायचे. मला या विचारातला प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. स्तुती करायला हरकत नाही, पण ती स्तुती आहे याची खूण वाक्यावर हवी. काव्यातही आपण तेच करतो. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, कारण वाचकाला ती अतिशयोक्ती आहे हे कळते. न कळणारी अतिशयोक्ती अलंकारशास्त्रात बसत नाही.

आहाराविषयीच्या लेखनात नेमके हेच घडते. फलश्रुती असते, पण ती फलश्रुतीच्या सुरात येत नाही. ती प्रयोगशाळेच्या सुरात येते, टक्के आणि विद्यापीठाचे नाव घेऊन. अर्थवाद विधानाचे कपडे घालून येतो.

हे कपडे कसे बदलतात ते मराठीच्या व्याकरणात स्पष्ट दिसते. मी वर्गात न्याहारीचे उदाहरण घेते. पाहणीत काय सापडते? 'न्याहारी टाळणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा अधिक आढळला.' साधा भूतकाळ. अमुक लोकांत, अमुक वेळी, अमुक दिसले. मथळा होतो: 'न्याहारी टाळल्यास लठ्ठपणाचा धोका'. आढळणारा गेला, आढळलेले लोक गेले, क्रियापदच गेले, आणि 'टाळल्यास' मध्ये जर-तरची छटा आली. लेखाच्या आत शिरलो की 'न्याहारी टाळल्याने लठ्ठपणा वाढतो.' ही तृतीया कारण सांगते, आणि 'वाढतो' हा साधा वर्तमानकाळ. शाळेच्या व्याकरणात आपण शिकवतो, की त्रिकालाबाधित सत्य साध्या वर्तमानकाळात येते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. शेवटी चौकटीत आज्ञार्थ: 'न्याहारी चुकवू नका.' चार वाक्यांत एक पाहणी निसर्गनियम झाली आणि नियमाचा उपदेश झाला. कोणी खोटे बोलले का? कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. प्रत्येकाने एकेक प्रत्यय बदलला.

आणि न्याहारीच्या बाबतीत पुरावा काय होता? १९९२ चा एक छोटा प्रयोग होता, ५२ स्थूल स्त्रियांचा, १२ आठवड्यांचा. त्यात न्याहारी करणे किंवा न करणे यापेक्षा, ज्यांना आपली सवय बदलावी लागली त्यांचे वजन अधिक उतरले असे दिसले. म्हणजे रोज न्याहारी करणाऱ्यांनी ती सोडली तरी त्यांना फायदाच. हा निबंध पुढे न्याहारीच्या बाजूचा पुरावा म्हणून वारंवार दिला गेला, हे २०१३ साली अ‍ॅलिसन यांच्याच सहकाऱ्यांनी दाखवले. मग २०१४ साली ३०० च्या आसपास प्रौढांवर १६ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला न्याहारी करा सांगितले, एकाला करू नका. वजनात फरक नाही. २०१९ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील अभ्यासकांनी १३ प्रयोग एकत्र तपासले. न्याहारी करणारे दिवसाकाठी सुमारे २६० कॅलरी जास्त खात होते, आणि न करणाऱ्यांचे वजन जरासे, अर्ध्या किलोहूनही कमी, उतरलेले होते. हे प्रयोग थोड्या काळाचे आणि बेताच्या दर्जाचे आहेत, असेही त्यांनीच लिहिले. यावरून कोणी उद्यापासून पोहे बंद करू नयेत. शाळेत जाणाऱ्या मुलाला उपाशी पाठवू नये यासाठी मला कोणत्याही प्रयोगाची गरज वाटत नाही. मूल भुकेले आहे एवढे कारण पुरते. मुद्दा हा, की 'सकाळी राजासारखे खावे' ही एक जुनी म्हण आहे, आणि म्हण म्हणून ती छानच आहे. तिला शास्त्राचा शिक्का मारण्याची घाई झाली.

प्रत्यय आणि क्रियापद यांना संशोधनाच्या जगात किती किंमत आहे, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्पेनमधले आहे. 'प्रेडिमेड' नावाचा एक मोठा प्रयोग, ७,४४७ लोकांवर झालेला. भूमध्य सागराकाठचा आहार, त्यासोबत ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा. २०१३ साली निष्कर्ष आला, की या आहाराने हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांचे प्रमाण कमी केले. जगभर गाजला. पुढे जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने हजारो निबंधांतले आकडे संख्याशास्त्राने तपासले, त्यात हाही आला. चौकशी झाली. कोणता माणूस कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरायला हवे होते. काही ठिकाणी तसे झालेच नव्हते. एका घरातल्या माणसांना सरसकट एकाच गटात घातले होते, एका ठिकाणी तर आख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला होता. २०१८ साली मूळ निबंध मागे घेऊन, आकडे पुन्हा मांडून, नवा निबंध त्याच नियतकालिकात छापला. आकडे फारसे बदलले नाहीत. बदलले ते वाक्य. आधी 'आहाराने प्रमाण कमी केले' असे होते. नंतर 'ज्यांना हा आहार नेमून दिला होता त्यांच्यात प्रमाण कमी होते' असे झाले. आहार कर्त्याच्या जागेवरून उठला. 'कमी केले' आणि 'कमी होते' यांच्यामधल्या अंतरासाठी जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने निबंध मागे घेतला. व्याकरण कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते.

पण वाक्य जरा पुढे गेले म्हणून कोणाचे काय बिघडले? भाज्या खा, आईचे दूध पाजा, साखर कमी करा, हे सगळे चांगलेच तर आहे. दोन ठिकाणी फार बिघडले, ती सांगते.

गाजर, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, अशा पाहण्या १९८० च्या सुमारास बऱ्याच होत्या. भाज्यांत बीटा-कॅरोटीन असते. मग तेच गुणकारी असणार, ते गोळीतून द्यावे, हा विचार सज्जनांचा होता आणि तो चुकीचा वाटावा असे त्यात काही नव्हते. सुदैवाने काहींनी प्रयोग करून पाहिला. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ साली आले. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले अशा १८,३१४ जणांवर दुसरा प्रयोग चालू होता. तो १९९६ साली ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. ज्यांना वाचवायचे होते तीच ही माणसे. 'भाज्या खाणाऱ्यांमध्ये' याचे 'बीटा-कॅरोटीनमुळे' झाले, एवढाच तो भाषेतला बदल.

दुसरे ठिकाण घरातले आहे. स्तनपानाचे फायदे खरे आहेत. बेलारूसमध्ये ३१ प्रसूती रुग्णालयांत, १७,०४६ माता-बालकांचा मोठा प्रयोग १९९६ साली सुरू झाला. काही रुग्णालयांत स्तनपानाला विशेष प्रोत्साहन आणि मदत दिली, काहींत नेहमीप्रमाणे चालू ठेवले. प्रोत्साहन दिलेल्या ठिकाणी पहिल्या वर्षात जुलाब आणि इसब यांचे प्रमाण कमी झाले. हे लहान यश नव्हे. जुलाबाने बाळे दगावणाऱ्या देशात तर नव्हेच. पण स्तनपानाने मूल पुढे लठ्ठ होत नाही, हे जे सर्वत्र लिहिले जाते, ते या मुलांच्या बाबतीत साडेसहाव्या वर्षी दिसले नाही आणि साडेअकराव्या वर्षीही दिसले नाही. कोप आणि अ‍ॅलिसन यांच्या लेखातला दुसरा भाग याच विषयावर आहे: स्तनपान आणि लठ्ठपणा यांवरच्या निबंधांत अनुकूल निष्कर्ष अधिक छापले जातात, प्रतिकूल मागे राहतात. आता भित्तिपत्रक लिहिणाऱ्याला वाटते, आणखी एक फायदा जोडला तर बिघडले कुठे? बिघडते ते तिचे, जिला दूध येत नाही, किंवा औषधे चालू असल्यामुळे पाजता येत नाही, किंवा बाळंतपणानंतर लगेच कामावर जावे लागते. तिला त्या भित्तिपत्रकातून कळते, की आपल्यामुळे मूल जन्मभर जाड राहणार. सासूबाई ते वाचून दाखवतात. खऱ्या फायद्यांच्या यादीत एक कच्चा फायदा घातल्याचा खर्च ती भरते. शिवाय उद्या तो कच्चा आहे हे बाहेर आले, की लोक जुलाबाविषयीच्या खऱ्या वाक्यावरही विश्वास ठेवेनासे होतात. 'आधी हे सांगत होते, आता ते सांगतात, यांना काही कळत नाही,' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

आपण गोव्यात बसलो आहोत म्हणून नारळाविषयी बोलल्याशिवाय सुटका नाही. खोबरेल तेलाला वर्षानुवर्षे हृदयाचा शत्रू म्हटले गेले. २०१८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे कारिन मिशेल्स या प्राध्यापिकांनी भाषणात त्याला चक्क विष म्हटले आणि ते भाषण लाखो लोकांनी पाहिले. याच काळात दुसरीकडे खोबरेल तेल हे अमृत ठरले. बुद्धी वाढवते, वजन उतरवते, काय विचारू नका. पुरावा यांच्या मधे कुठेतरी, आणि बराचसा कंटाळवाणा आहे. २०२० साली १६ प्रयोग एकत्र पाहिले तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने रक्तातले वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम वाढवलेले दिसले. चांगले समजले जाणारेही थोडे, सुमारे ४ मिलिग्रॅम, वाढवले. हे प्रयोग रक्तातले आकडे मोजणारे होते, हृदयविकाराचे झटके मोजणारे नव्हते. यातून 'विष' निघत नाही, 'अमृत'ही निघत नाही. मिशेल्स यांचा हेतू लोकांची हृदये जपण्याचा होता. आपला हेतू? आपल्या मातीतले, आपल्या आईच्या हातचे, परदेशी लोकांनी नावे ठेवलेले ते वाचवण्याचा. हाही सद्हेतूच, आणि मला सर्वांत आपलासा वाटणारा. म्हणूनच सीमाभागातले आणि महाराष्ट्राबाहेरचे आपण मराठी लोक याला लवकर बळी पडतो. भाषा जपायची, तशी सोलकढीही जपायची; जपावीच. पण तिच्यासाठी कोलेस्टेरॉलचा दाखला कशाला? ती रुचकर आहे, हे पुरेसे नाही का?

आता शिक्षक आणि लेखक यांच्याकडे काय करण्यासारखे आहे? मराठीकडे अनिश्चितता सांगण्याची साधने कमी नाहीत. 'असावे', 'दिसते', 'आढळले', 'म्हणतात'. आणि 'म्हणे' सारखा दोन अक्षरांचा शब्द, जो 'ही माहिती माझी नव्हे, ऐकीव आहे' एवढे सगळे सांगतो. शास्त्रीय लेखनात 'म्हणे' चालणार नाही हे मलाही कळते. पण ती सावधगिरी आपल्या भाषेला जमते, एवढे त्यावरून दिसते. अडचण पारिभाषिक शब्दाची आहे. 'सहसंबंध' हा शब्द कोशात आहे, पाठ्यपुस्तकात आहे, पण वृत्तपत्राच्या मेजावर तो जात नाही, त्यामुळे भाषांतर करणारा 'मुळे' लिहून मोकळा होतो. मी विद्यार्थ्यांना एक काम देते. आरोग्य-पुरवणीतले पाच मथळे आणायचे आणि प्रत्येकातला 'मुळे', 'ल्यास' किंवा 'ने' काढून तोच आशय पुन्हा लिहायचा. जागा तेवढीच. एका मुलीने लिहिले: 'न्याहारी टाळणारे अधिक जाड: पाहणी'. मूळ मथळ्यापेक्षा एकच शब्द जास्त. दुसऱ्याने तर 'सोबत' हा साधा शब्द कामाला लावला: 'कमी झोपेसोबत दिसतो मधुमेह'. थोडे अवघडलेले आहे, पण 'कमी झोपेमुळे मधुमेह' यापेक्षा खरे आहे.

हे ऐकून वृत्तपत्रात काम करणारे माझे काही जुने विद्यार्थी हसतात. 'मॅडम, अशी बातमी कोण वाचणार?' असे म्हणतात. त्यांच्यासाठी एक माहिती देऊन थांबते. २०१४ साली पेट्रॉक समनर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके आणि त्यांवरून झालेल्या बातम्या मूळ निबंधांशी ताडून पाहिल्या. एकतृतीयांश पत्रकांत कार्यकारणाचा दावा निबंधातल्यापेक्षा वाढवलेला होता. म्हणजे फुगवण्याची सुरुवात बहुधा वार्ताहराच्या टेबलावर नव्हे, विद्यापीठातच झाली होती. पत्रक फुगवलेले असेल तर ८१ टक्के बातम्याही फुगल्या; पत्रक सरळ असेल तर फक्त १८ टक्के. आणि फुगवलेल्या पत्रकांच्या बातम्या अधिक छापून आल्या का, हेही त्यांनी पाहिले. तसा पुरावा मिळाला नाही. पुढे काही पत्रकांची भाषा मुद्दाम सौम्य करून पाठवून पाहिली, तेव्हा बातम्यांची भाषा सौम्य झाली आणि त्यांना मिळणारी जागा मात्र कमी झाली नाही.

त्या मुलीचा मथळा मी जपून ठेवला आहे. मेजावर बसणाऱ्यांपैकी कोणाला हवा असेल तर सभा संपल्यावर भेटा.